सजग स्वप्न
आपण स्वप्नात आहोत, याचे भान स्वप्न चालू असतानाच येणे. तिबेटी बौद्धांच्या स्वप्नयोगात याची साधना जुनीच. प्रयोगशाळेतला पुरावा मात्र १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे मिळाला. स्वप्ननिद्रेत अंग लुळे पडते, पण डोळे हलतात. हे हेरून संशोधक कीथ हर्न यांनी सजग स्वप्ने पडणाऱ्या ॲलन वर्स्ली यांच्याशी डोळ्यांची खूण ठरवली. वर्स्लींनी ती स्वप्नातून केली आणि यंत्राने ती टिपली. पुढे अमेरिकेत संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी सरावाची रीत बसवली : जाग येताच नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि ‘पुढचे ओळखीन’ असा निश्चय करत पुन्हा झोपायचे. स्वप्नातला मजकूर दुसऱ्यांदा वाचताना बहुधा बदलतो, हीही स्वप्न ओळखण्याची एक कसोटी. भान आले म्हणजे स्वप्नावर ताबा आला असे नव्हे. नवशिक्याला हर्षाच्या भरात अनेकदा जागच येते.