थ्रेड : परसातल्या शेगडीला झाकण कसे मिळाले?

१/५ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहिल्या. घरामागच्या परसात विटांची उघडी भट्टी असे. वारा सुटला की राख उडे, ज्वाळा भडकत आणि मांस बाहेरून करपून आत कच्चे राही.

२/५ शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’मध्ये जॉर्ज स्टीफन काम करीत. तेथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत. १९५२ साली त्यांनी अशाच एका गोलाचे दोन अर्ध घेतले. खालच्या भागाला पाय लावून शेगडी केली, वरचा भाग झाकण झाला.

३/५ मात्र झाकण घट्ट बसले की हवेअभावी कोळसा विझतो. म्हणून वर-खाली छिद्रे ठेवली गेली. छिद्रे उघडली की आच वाढते, मिटली की मंदावते. वाऱ्यावर चालणारा विस्तव गृहस्थाच्या हाती आला.

४/५ दुसरी परंपरा जपानची. भात शिजवण्याची ‘मुशिकामादो’ ही झाकणाची मातीची चूल अमेरिकी सैनिकांनी युद्धानंतर मायदेशी नेली. १९७४ मध्ये अटलांटात सुरू झालेली ‘बिग ग्रीन एग’ हा तिचाच वंश. जाड भिंतींमुळे ती तासन्‌तास एकसारखी तापलेली राहते.

५/५ आजचा ग्राहकही याच वारशातून निवड करतो. झटपट भाजण्यासाठी पातळ पत्र्याची शेगडी पुरते. मंद धुरावर दीर्घकाळ शिजवायचे तर जाड भिंती हव्यात. दोन्हींत प्रथम पाहावे ते झाकण आणि त्याची छिद्रे.