सादी

सादी : फ्रान्समधील एक विरळा पुरुषनाम. फ्रेंच घरांतली नावे बहुधा ख्रिस्ती संतांची. हे मात्र शिराझच्या शेख सादी या तेराव्या शतकातील फार्सी कवीचे. त्याच्या गुलिस्तानचा आंद्रे द्यू रिए याने केलेला फ्रेंच अनुवाद १६३४ मध्ये निघाला. पुढे व्हॉल्तेअरने झादिग या कथेची अर्पणपत्रिका सादीच्याच नावावर घातली, इतका तो तिथल्या वाचकांत मुरला होता. तरीही मुलाचे नाव म्हणून ते फारसे रुजले नाही. गाजले ते कार्नो या एका घराण्यात.

क्रांतिकाळातील सेनासंघटक व गणिती लाझार कार्नो हा या कवीचा चाहता. त्याने मुलाचे नाव ठेवले निकोला लेओनार सादी (१ जून १७९६–२४ ऑगस्ट १८३२). हा लष्करी अभियंता. वाफेच्या एंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल, या प्रश्नावर त्याने १८२४ मध्ये एक छोटे पुस्तक स्वखर्चाने छापले. प्रती सहाशे, दखल जवळजवळ कोणीच घेतली नाही. उष्णता कामास येते ती तप्त वस्तूकडून थंड वस्तूकडे जाताना, आणि कमाल कार्यक्षमता ठरते ती केवळ या दोन तापमानांवर, एंजिनात वाफ आहे की हवा यावर नाही, हे त्याचे म्हणणे. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘कार्नॉट सायकल’ म्हणून जे पाठ करतात ते याचेच. छत्तिसाव्या वर्षी तो पटकीने गेला. १८३४ मध्ये क्लापेरॉनने त्याचे विवेचन गणिती रूपात मांडले. क्लाउझियुस आणि केल्व्हिन यांनी त्यातूनच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम उभा केला. धाकटा भाऊ इपोलित याने जपलेली त्याची टिपणे १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. उष्णता हा एक द्रव आहे ही पुस्तकात गृहीत धरलेली कल्पना त्याने त्या टिपणांत सोडून दिलेली दिसते.

इपोलितने आपल्या मुलालाही भावाचे नाव दिले : मारी फ्रांस्वा सादी (११ ऑगस्ट १८३७–२५ जून १८९४). हाही अभियंता, १८८७ पासून फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाचे, म्हणजे आयफेल मनोऱ्याचे वर्ष याच्याच कारकिर्दीतले. लिआँ येथे मेजवानी आटोपून उघड्या बग्गीतून जात असताना काझेरिओ या इटालियन अराज्यवाद्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला सुरा त्याच्या पोटात खुपसला. हयातीत काकापेक्षा पुतण्याचे नाव कितीतरी मोठे होते. आज तसे म्हणता येणार नाही. फ्रान्समधील गावोगावच्या सादी-कार्नो रस्त्यांवरच्या पाट्या मात्र बहुतेक पुतण्याच्याच आहेत.