देवांच्या शेळ्या करणारा दंड

आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी देवळातून निघते आणि टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तुळजाभवानीची पालखीही सोबत असते. टेकडीवर छत्रपती घराण्यातल्या मंडळींच्या उपस्थितीत एका कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून एकच झुंबड उडते. कोल्हापूरकर या दिवसाला कोहळा पंचमी म्हणतात.

या कोहळ्यामागची गोष्ट मोठी विलक्षण आहे. महालक्ष्मीने, म्हणजे अंबाबाईने, कोल्हासुराला मारलं, तेव्हा मरताना त्याने मागणी केली की नगराला माझं नाव राहावं आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी मिळावा. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा भाग अधिक चमत्कारिक आहे. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष सूडाला पेटला, त्याने कपिलमुनींचा योगदंड मिळवला आणि त्याच्या जोरावर महालक्ष्मीसकट सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. सुटली ती एकटी त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई. तिने कामाक्षाला मारलं, दंड ताब्यात घेतला आणि देवांना पूर्वरूप दिलं. मग विजयाचा सोहळा झाला. त्याचं आमंत्रण नेमकं तिलाच द्यायचं राहिलं! ती रुसली, शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. पंचमीची पालखी ही तिची समजूत काढायला निघालेल्या देवीची वारी.

कथेत महत्त्वाचा आहे तो दंड. पुराणात देह बदलतात ते बहुधा शापाने किंवा वराने. अहल्येची शिळा होते, नहुषाचा अजगर होतो. ऋषीचा शब्द पुरे. कामाक्षापाशी असलं काही तपोबल नाही. त्याच्या हाती दुसऱ्याचं उपकरण आहे, आणि उपकरण माणूस पाहत नाही: मुनीचं ऐकतं तसं राक्षसाचं, आणि हात बदलला की त्र्यंबोलीचंही. होमरच्या ‘ओडिसी’तली सर्सीसुद्धा खलाशांची डुकरं करते ती औषध आणि छडी वापरून. एच. जी. वेल्सचा डॉक्टर मोरो १८९६ च्या कादंबरीत शस्त्रक्रियेने जनावरांची माणसं घडवू पाहतो. कामाक्षाचं नातं या मंडळींशी आहे. अमेरिकेत १९६३ साली चित्रकथांत आलेले ‘एक्स-मेन’ मात्र वेगळ्या घराण्याचे, कारण त्यांचा फरक जन्मजात आहे, कुणी दंड फिरवून केलेला नव्हे.

याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकरांचा जन्म झाला. बालपण बनारसला गेलं, वडील तिथे गणिताचे प्राध्यापक. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीने ती लिहून काढली. पहिलं बक्षीस त्या कथेलाच मिळालं. त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत तर अख्खा माणूसच आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा डावखुरा होऊन मैदानात उतरतो. इथे दंडाच्या जागी मोबियसची पट्टी आहे, जर्मन गणितज्ञाच्या नावाची, एक पीळ देऊन टोकं जोडलेली. वेल्सनेही १८९६ मध्येच प्लॅटनर नावाच्या शिक्षकाचं असंच डावं-उजवं केलं होतं; पण गणपतीची सोंड आणि क्रिकेटचा चेंडू एकाच भूमितीत बसवावा तो मराठी लेखकानेच. आणि हा उलटा माणूस खरोखर अवतरला तर त्याची जेवणाची पंचाईत होईल, कारण आपल्या अन्नातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळपास सगळी ‘डावी’ असतात, आणि उलट्या शरीराला लागणार ‘उजवी’.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. कामाक्षाचा योगदंड कसा चालत असेल, शेळी झालेल्या देवाला आपण देव असल्याचं भान उरलं असेल का, या प्रश्नांत एका चांगल्या विज्ञानकथेचा ऐवज आहे. कोल्हापुरातल्या एखाद्या तरुण लेखकाने ती आता लिहायला घ्यावी.