'विक्रम'चे घराणे

समुद्राला कुंपण घालता येत नाही असे आपण म्हणतो. पण १९७६ साली आपल्या संसदेने ते कागदावर घातले. सागरी क्षेत्रांच्या कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातील मासळीवर आणि तळाखालच्या तेलावर भारताचा हक्क सांगितला. जवळजवळ वीस लाख चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र. कायदा झाला खरा, परंतु त्या शिवेवर उभा राहणारा राखणदार कुठे होता?

नौदल होते, पण त्याचे काम युद्धाचे. चोरटे सोने उतरविणाऱ्या होड्यांमागे युद्धनौका धाडणे म्हणजे मुंगीसाठी तोफ ओढून आणणे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९७४ मध्ये खुस्रो रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, आणि जन्माने नागपूरजवळच्या कामठीचे. लाटेचा आवाजही जिथे पोहोचत नाही अशा गावी जन्मलेल्या या पोलीस अधिकाऱ्याने समुद्रासाठी स्वतंत्र दल हवे असे सांगावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. १ फेब्रुवारी १९७७ रोजी दल हंगामी स्वरूपात सुरू झाले आणि १९७८ च्या कायद्याने ते तटरक्षक दल म्हणून रीतसर उभे राहिले. मात्र हाती आले काय? नौदलाची दोन जुनी फ्रिगेट जहाजे, 'कुठार' आणि 'कृपाण', तसेच पाच लहान गस्तीनौका. थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याने अंगात घालावेत, तसाच तो प्रकार.

१९८३ च्या डिसेंबरात 'विक्रम' सेवेत आले, आणि खोल समुद्रावर गस्त घालणारे, खास या दलासाठी बांधलेले जहाज पहिल्यांदा मिळाले. ते बांधले मुंबईच्या माझगाव गोदीने. लांबी सुमारे ७४ मीटर, वजन सुमारे बाराशे टन, वेग २२ नॉट, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर. आकडे ऐकून कोणी भारावून जाणार नाही. महत्त्वाचे होते ते मागच्या बाजूचे सपाट डेक. त्यावरून चेतक हेलिकॉप्टर उडत असे. जहाजावरच्या माणसाची नजर क्षितिजाशी थांबते, हेलिकॉप्टरमुळे ती कितीतरी मैल पुढे जाते. उलटलेली होडी शोधायची असेल तर हा फरक जीव वाचविणारा ठरतो. विजया, वीरा, वरुणा, वज्र, विवेक, विग्रह, वरद, वराह अशी एकूण नऊ जहाजे या वर्गात झाली. शेवटची दोन गोवा शिपयार्डची. वास्कोचा हा कारखाना १९५७ साली पोर्तुगीज अमदानीत निघाला, मुक्तीनंतर काही वर्षे माझगाव गोदीकडेच चालवायला होता. एका अर्थी ही जहाजे दोन बहिणींच्या घरी वाढली.

आता १९७८ च्या त्या कायद्याकडे पुन्हा वळू या. दलाची कर्तव्ये सांगणाऱ्या कलमात समुद्रातील तेलाच्या फलाटांच्या रक्षणाचा उल्लेख होताच लगेच मच्छीमारांचे नाव येते: त्यांना संरक्षण द्यावे, संकटात साहाय्य करावे. उत्तन, अर्नाळा, पाचूबंदर येथील तांडेलाने हे कलम वाचले नसेल, पण ते त्याच्यासाठीच लिहिलेले आहे. परदेशी ट्रॉलरांनी आपली मासळी लुटू नये म्हणून १९८१ मध्ये आणखी एक कायदा झाला, आणि बिनपरवाना शिरणाऱ्या ट्रॉलरांना पकडणे हे या जहाजांचे नित्याचे काम बनले.

आणि इथेच खरी मेख आहे. परवाना नसलेला ट्रॉलर पकडता येतो; परवाना असलेल्याचे काय? १९९१ च्या धोरणाने परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून खोल समुद्रात मासेमारी करण्याचे परवाने देऊ केले. मासळी तीच, जाळे तेच, फक्त शिक्का नवा! पांढऱ्या जहाजाने अशा ट्रॉलरला सलाम करून वाट द्यायची. हे जहाजाचे अपयश नव्हे, ते राजधानीतल्या टेबलावरचे. मच्छीमारांनीच ते ओळखले. केरळचे रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखाली १९९४ मध्ये देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर मासेमारी बंद ठेवण्यात आली. पुढे मुरारी समितीने हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. दोनशे मैलांची राखण जहाजाने जितकी केली तितकीच, त्या दिवसांत, किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या होड्यांनी केली असे मी म्हणेन.

या नऊ जहाजांचे वार्धक्य एकसारखे गेले नाही. २०१० मध्ये मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या 'विवेक'ला एका मालवाहू जहाजाची धडक बसली आणि आयुष्यभर खुल्या समुद्रावर वावरलेले हे जहाज धक्क्यालाच निकामी झाले. नावे मात्र हरवली नाहीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत तटरक्षक दलानेही पाळली. २०१८ ते २०२१ या काळात लार्सन अँड टुब्रोने बांधलेली सात नवी, मोठी जहाजे सेवेत आली. त्यांत पहिले 'विक्रम', शेवटचे 'विग्रह'.

जुने 'वराह' श्रीलंकेच्या नौदलाकडे गेले आणि 'सागर' झाले. 'वरुणा' २०१७ मध्ये तिथल्या तटरक्षक दलाला भेट मिळाले. रामेश्वरमचे मच्छीमार सीमा ओलांडल्याबद्दल ज्या देशाच्या पाण्यात पकडले जातात, त्याच देशाच्या राखणीसाठी माझगाव आणि वास्कोच्या कामगारांनी जोडलेले हे पोलाद रुजू झाले.