व्यायामपटु शिल्पकार : डॉ. टेट मॅकेंझी

तालीम आणि शिल्पशाला या एकमेकींपासून फार दूरच्या जागा आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. एकींत घाम गळतो, दुसरींत कल्पना राबते. दोहोंचा उंबरठा ओलांडणारा पुरुष विरळा. अशा एका पुरुषाचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हीं योजिलें आहे.

डॉ. रॉबर्ट टेट मॅकेंझी यांचा जन्म कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत, आल्मोंट गांवाच्या परिसरांत, इ. स. १८६७ मध्यें झाला. १८९१ मध्यें बास्केटबॉल हा खेळ निर्माण करणारे जेम्स नेस्मिथ हे त्यांचे बालमित्र. माँट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांत वैद्यक शिकत असतां मॅकेंझी यांनीं उंच उडी व कसरत यांत नांव मिळविलें. १८९२ मध्यें ते डॉक्टर झाले आणि तेथेंच शरीररचनाशास्त्र शिकवूं लागले.

त्यांची शिल्पकला याच अभ्यासांतून उगवली. श्रम वाढत जातात तसतसा मनुष्याचा चेहरा कसा पालटतो, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं चार मुखवटे घडविले : जोर, धाप, थकवा आणि ग्लानि. नंतर १९०२ मध्यें धांवण्याच्या पवित्र्यांत ओणवा झालेला धांवपटु व १९०३ मध्यें ‘व्यायामपटु’ हे पुतळे झाले. यांचीं प्रमाणें अनेक खेळाडूंच्या अंगमापांची सरासरी काढून ठरविलेलीं होतीं.

सरासरींतून सौंदर्य निघतें काय, असा प्रश्न रसिक विचारतील, व तो रास्त आहे. आमच्या मतें मोजपट्टीनें त्यांस केवळ सांगाडा दिला. उडी घेण्यापूर्वींचा क्षणभराचा ताण मोजपट्टीला सांपडत नाहीं. ज्यानें तो स्वतःच्या पोटरींत अनुभविला आहे, त्याच्याच बोटांतून तो मातींत उतरतो.

१९०४ मध्यें ते पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत शारीरिक शिक्षणाचे प्रमुख झाले. अडथळ्यांवरून झेपावणाऱ्या तिघां धांवपटूंचें त्यांचें पदक १९१२ मध्यें स्टॉकहोमच्या क्रीडागाराच्या भिंतींत बसविण्यांत आलें.

परंतु दोनच वर्षांनीं महायुद्ध पेटलें. ज्या तरुण देहांचें त्यांनीं कौतुक केलें, तेच देह आतां छिन्नभिन्न होऊन परत येऊं लागले. मॅकेंझी ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय पथकांत दाखल झाले व जखमी शिपायांस व्यायामोपचारानें पुन्हा उभें करण्याच्या कामास लागले. तो अनुभव त्यांनीं १९१८ च्या एका ग्रंथांत नमूद केला. सुदृढांचा स्तुतिपाठक म्हणून त्यांजकडे पाहणाऱ्यांनीं हें प्रकरण विसरूं नये.

युद्धोत्तर स्मारकांत ही जाणीव स्पष्ट दिसते. केंब्रिज येथील शिपाई (१९२२) घरीं परततांना मान वळवून पाहतो. एडिंबरो येथील शिपाई (१९२७) बंदूक मांडीवर घेऊन बसला आहे. त्याची दृष्टि वर लागलेली आहे. दोघेही धडधाकट आहेत. परंतु विजयाचा उन्माद दोघांच्याही मुद्रेवर नाहीं.

१९३२ मध्यें लॉस एंजेल्सच्या ऑलिंपिक कलास्पर्धेंत त्यांच्या ढालीस कांस्यपदक मिळालें. १९३८ मध्यें फिलाडेल्फिया येथें ते निवर्तले. आपलें हृदय एडिंबरोच्या त्या स्मारकापुढें पुरावें, ही त्यांची इच्छा होती; तेथें परवानगी न मिळाल्यानें तें जवळच्याच चर्चच्या आवारांत पुरण्यांत आलें. आपल्या कृतींपैकीं कोणती त्यांस अधिक जवळची वाटली, याचें उत्तर यांतच आहे. विजयी धांवपटूपेक्षां त्या बसलेल्या शिपायाजवळ त्यांनीं विसांवा मागितला.