अपोलो ८ : घाई की हिशेब?

१/ २१ डिसेंबर १९६८ रोजी फ्रँक बोरमन, जिम लोव्हेल आणि बिल अँडर्स चंद्राकडे निघाले. पृथ्वीची कक्षा सोडून जाणारी ही पहिलीच माणसे. सोव्हिएत संघ पुढे निघून जाईल या धास्तीने अमेरिकेने मारलेली ही उडी होती, असे सर्रास लिहिले जाते. तारखा ओळीने लावून पाहिल्या की चित्र निराळे दिसू लागते. त्या तारखांचा हा धागा.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे उद्दिष्ट राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर मांडले. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ ची जमिनीवरील चाचणी चालू असताना शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीत आग लागली. दार आतल्या बाजूस उघडणारे होते. आतील दाबामुळे ते उघडता आले नाही. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

३/ त्यानंतर वीस महिन्यांहून अधिक काळ एकही अमेरिकी माणूस अवकाशात गेला नाही. यानाची फेररचना झाली, दार बाहेर उघडणारे केले गेले. दरम्यान ४ एप्रिल १९६८ रोजी अपोलो ६ ही सॅटर्न-५ अग्निबाणाची दुसरी मानवरहित चाचणी झाली, आणि ती चिंता वाढवणारी ठरली. अग्निबाण उभ्या दिशेने जोरात हिंदकळला, दुसऱ्या टप्प्यातील दोन इंजिने मध्येच बंद पडली, तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटलेच नाही.

४/ अभियंत्यांनी दोषांचा माग काढला. इंजिनाच्या प्रज्वलकाकडे इंधन नेणारी एक बारीक नळी तुटली होती. जमिनीवरील चाचण्यांत त्या अतिशीत नळीभोवती द्रवरूप झालेली हवा साचे आणि तिची कंपने आपोआप शमत. निर्वातात हवाच नव्हती. नळी थरथरत राहिली आणि तुटली. दुसरे इंजिन बंद पडले ते तारांची अदलाबदल झाल्यामुळे. दोन्ही दोष दुरुस्त करण्यात आले.

५/ दुसरी अडचण ल्युनर मॉड्यूलची, म्हणजे प्रत्यक्ष चंद्रावर उतरणाऱ्या यानाची. डिसेंबरमधील मोहिमेत ते पृथ्वीच्या कक्षेत तपासून पाहायचे होते. जून १९६८ मध्ये ते केप केनेडीला पोहोचले, तेव्हा त्यात शंभराहून अधिक उणिवा निघाल्या. वर्ष संपेपर्यंत ते तयार होणार नाही, हे उघड झाले. वाट पाहावी, तर १९६९ ची मुदत हातची जाण्याचा धोका.

६/ येथे जॉर्ज लो यांचा प्रवेश होतो. ह्यूस्टन येथे अपोलो यानाच्या कामाची सूत्रे त्यांच्याकडे होती. ९ ऑगस्ट १९६८ रोजी त्यांनी वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवला: ल्युनर मॉड्यूलशिवायच अपोलो ८ चंद्राकडे पाठवावे. मार्गनिर्धारण, संदेशवहन, दूरवरून परतताना उष्णतारोधक कवचाची कसोटी, हे सारे कधीतरी तपासावेच लागणार होते; ते आताच तपासून घ्यावे. त्याच दिवशी ही मंडळी हंट्सव्हिलला जाऊन व्हॉन ब्राउन यांना भेटली.

७/ आता पुढची तारीख पाहा. सोव्हिएत संघाचे झोंड ५ हे यान कासवे घेऊन चंद्राला वळसा घालून आले आणि हिंदी महासागरात उतरले, ते २१ सप्टेंबर रोजी. म्हणजे लो यांच्या प्रस्तावानंतर सहा आठवड्यांनी. सोव्हिएत संघ चंद्राभोवती माणूस पाठवण्याच्या तयारीत आहे, अशी गुप्तचरांची चाहूल आधीपासून होतीच. तिने दबाव वाढवला, यात शंका नाही. परंतु प्रस्तावाचे मूळ वेळापत्रकातील खिंडारात होते.

८/ शिवाय अंतिम होकार लगेच मिळाला नाही. ऑक्टोबरमध्ये अपोलो ७ ने पृथ्वीभोवती अकरा दिवस काढले आणि यानाचे मुख्य इंजिन आठ वेळा पेटवून पाहिले. त्यानंतरच, १२ नोव्हेंबर रोजी, चंद्रमोहिमेची अधिकृत घोषणा झाली.

९/ हे इंजिन एवढे महत्त्वाचे का? चंद्राच्या कक्षेत शिरायलाही तेच, बाहेर पडायलाही तेच. दुसरे नव्हते. म्हणून त्याची रचना शक्य तितकी साधी ठेवली होती. इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांना भिडताच पेट घेत, म्हणून ठिणगीची गरज नव्हती. दोन्ही द्रव हेलियमच्या दाबाने पुढे ढकलले जात, म्हणून पंप नव्हता. झडपा मात्र दुहेरी होत्या.

१०/ कक्षेत शिरण्याआधी इंजिन पेटलेच नसते, तर चंद्राच्या गुरुत्वाने यान वळून पृथ्वीकडे आले असते. मार्गच तसा आखला होता. कक्षेत शिरल्यावर ही सोय संपली. २४ डिसेंबर रोजी चंद्राच्या पलीकडल्या बाजूस, पृथ्वीशी संपर्क तुटलेला असताना, इंजिन सुमारे चार मिनिटे चालले. वीस तासांत दहा प्रदक्षिणा झाल्या. चौथ्या प्रदक्षिणेत अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे ते विख्यात रंगीत छायाचित्र टिपले.

११/ २५ डिसेंबर रोजी, पुन्हा चंद्राआड, इंजिन दुसऱ्यांदा पेटले. यान बाहेर येऊन लोव्हेल यांचा आवाज ऐकू येईपर्यंत ह्यूस्टनमध्ये कोणालाच काही कळण्याचा मार्ग नव्हता. २७ डिसेंबर रोजी तिघे प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. निघताना आपण परतणारच नाही याची शक्यता एक तृतीयांश धरली होती, असे अँडर्स यांनी पुढे सांगितले.

१२/ मग हा हिशेब अचूक होता का? एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. मुख्य इंजिन वापरण्याजोगे उरले नाही. तिघांचे प्राण वाचले ते ल्युनर मॉड्यूलच्या इंजिनामुळे, विजेमुळे आणि प्राणवायूमुळे. त्या मोहिमेचे नायक होते तेच जिम लोव्हेल. सोळा महिन्यांपूर्वी ते ज्या यानातून चंद्राभोवती फिरून आले, त्याला असली जीवननौका जोडलेलीच नव्हती.

१३/ म्हणून अपोलो ८ ला निव्वळ घाई म्हणणे अन्यायाचे, आणि निव्वळ हिशेब म्हणणे भाबडेपणाचे. मोजता येण्याजोगे धोके मोजले गेले. न मोजता आलेला भाग तीन माणसांनी अंगावर घेतला. इतिहासात एखादा निर्णय धाडसी की अविचारी, असा प्रश्न पडला, तर त्याचा शेवट क्षणभर बाजूला ठेवावा. निर्णयाच्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते, हे आधी तपासावे.