कोसीतला मासा आणि दुबळे स्नायू

देवनारला आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. खाली बसला, की गुडघ्यांवर हात रोवून, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. डॉक्टरांनी नाव सांगितले, ड्युशेनचा स्नायुविकार. आनुवंशिक, मुलग्यांना होणारा, आणि बहुधा आईकडून येणारा. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "सर, या दुखण्याचा अभ्यास माशांवर करतात म्हणे. तो कसा?" मी पडलो इतिहासाचा माणूस. शोधत गेलो तो १८२२ सालापाशी पोचलो.

त्या साली फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरांचे गंगेतील माशांवरचे पुस्तक निघाले. कोसी नदीतला, बोटाच्या दोन पेरांएवढा, निळ्या पट्ट्यांचा एक मासा त्यात नोंदलेला आहे. हाच झेब्राफिश. पुढे शोभेच्या टाक्यांतून तो जगभर गेला, आणि अमेरिकेत ऑरेगॉनला जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले. अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात, पिल्लू काचेसारखे पारदर्शक! आणखी काय हवे?

इकडे दुखण्याची कथा निराळी. लंडनच्या एडवर्ड मेरिऑन यांनी १८५२ सालीच लिहिले होते, की अशा मुलांच्या स्नायुतंतूंचे आवरण फुटलेले असते. नाव मात्र त्यांच्यामागून आलेल्या ड्युशेन यांचे राहिले. इतिहासात हे नेहमीचेच. उणे पडते ते प्रथिन, डिस्ट्रोफिन, सापडायला १९८७ उजाडले.

आता दोन्ही कथा एकत्र येतात. जर्मनीत ट्युबिंगेनला हजारो पिल्लांना हलकेच स्पर्श करून पाहिले. निरोगी पिल्लू सटकन निसटते. ज्यांची हालचाल बिघडलेली, असे १६६ आनुवंशिक दोष १९९६ साली जाहीर झाले. त्यांतल्या 'साप्ये' नावाच्या दोषात डिस्ट्रोफिनच बिघडलेले आहे, हे डेव्हिड बॅसेट, पीटर करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले. तेथे तंतू टोकाशी, म्हणजे ज्या पडद्याला ते बांधलेले असतात तेथून, सुटतात. तंबूचा दोर शाबूत, पण खुंटी उपटलेली, तसे.

हे ऐकून वडील म्हणाले, "म्हणजे पिल्लू पोहते, त्यानेच ते तुटते?"

मी म्हटले, "हो. ताण पोहण्याचाच." रोग समूळ घालवणारे औषध अजून नाही, पण २०११ साली याच पिल्लांवर औषधे तपासून पाहिली गेली, हेही मी त्यांना सांगितले. त्यांनी ते साल कागदावर लिहून घेतले.